विल्हेल्म होफमाइस्टर यांना आभाराचे पत्र

आदरणीय होफमाइस्टर महोदय,

सादर नमस्कार.

तुम्हाला जाऊन दीडशे वर्षे होत आली. तरीही हे पत्र लिहिते आहे, कारण अकरावीच्या वर्गात नेच्याचे (फर्नचे) जीवनचक्र शिकवायला उभी राहते तेव्हा मी तुमच्यासारख्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्याच कष्टांवर उभी असते.

नेच्याला फूल नाही, बी नाही. पानामागच्या तपकिरी ठिपक्यांतून बीजाणू झडतात आणि त्यांतून नखाएवढे, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे हिरवे पापुद्रे उगवतात, एवढे तुमच्या आधी माहीत होते. त्या पापुद्र्यावर, म्हणजे प्रोथॅलसवर, वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेलींनी 1844 मध्ये पुंजननांगे, म्हणजे शुक्रपेशी बनवणारे अवयव, पाहिली होती. 1848 मध्ये दुसरे एक अभ्यासक, लेश्चित्स-सुमिन्स्की, यांनी तिथेच अंडे आणि फलनही दाखवले. पण याचा अर्थ काय, हे कुणी सांगावे? तुम्ही एकेका पेशीचे विभाजन चिकाटीने पाहत गेलात. नुसत्या नेच्यात नाही, तर मॉस, नेच्यासारख्याच बीजाणूंच्या वनस्पती एक्विसेटम आणि सेलाजिनेला, आणि थेट सूचिपर्णी वृक्षांपर्यंत. 1851 च्या ग्रंथात तुम्ही दाखवून दिलेत की या सर्वांची घडण एकच आहे: एक पिढी बीजाणूंची, पुढची अंडे आणि शुक्रपेशींची, मग पुन्हा पहिली. मॉसचे हिरवे रोप आणि नेच्याचा तो चिमुकला पापुद्रा एकाच पिढीतले, हे वाक्य मी वर्गात उच्चारते तेव्हा आजही मला थरारून येते. डार्विन यांचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ यायला तेव्हा आठ वर्षे होती. गुणसूत्रांची निमपट-दुपटीची गोष्ट, म्हणजे एका पिढीत ती निम्मी आणि दुसरीत दुप्पट असतात हे, तर वनस्पतिशास्त्रज्ञ श्ट्रासबुर्गर यांनी 1894 मध्ये मांडले, तेही तुम्ही ओळखलेल्या त्याच दोन पिढ्यांबद्दल.

आणि तुम्ही त्या वेळी होतात कोण? लाइप्झिगमध्ये वडिलांचा संगीतप्रकाशनाचा आणि पुस्तकांचा धंदा सांभाळणारा मुलगा. शाळा पंधराव्या वर्षी सुटलेली, लांबचे नीट न दिसणारे डोळे, आणि धंद्याच्या आधी पहाटे सूक्ष्मदर्शकापाशी घालवलेले तास. वनस्पतिशास्त्रज्ञ श्लायडेन यांचे पुस्तक वाचून शिकलात आणि बीजातला गर्भ परागकणातून निघणाऱ्या परागनलिकेपासून बनतो हे त्यांचेच मत निरीक्षणांनी खोडून काढलेत. ज्याच्याकडून शिकलो त्याचे म्हणणेही तपासून पाहायचे, हे धैर्य मला तुमच्या शोधाइतकेच मोलाचे वाटते. रोस्टॉक विद्यापीठाने 1851 मध्ये सन्मान्य डॉक्टरेट दिली. 1863 मध्ये हायडेलबर्गने, कधी विद्यापीठात न शिकलेल्या तुम्हाला, थेट प्राध्यापक नेमले. पुढे ट्युबिंगेन विद्यापीठ. तिथली शेवटची वर्षे घरातल्या मृत्यूंनी आणि आजाराने खडतर गेली, हे वाचून मन गलबलते.

माझ्या वर्गात दुकान, शेती, घरकाम सांभाळून येणारी मुले-मुली असतात. त्यांना मी तुमची हकीकत सांगते, पदव्यांच्या यादीशिवाय. मग पावसाळ्यात आम्ही जांभ्याच्या ओल्या गडग्याशी भिंग घेऊन बसतो. कुणीतरी पापुद्रा दाखवून विचारते, "बाई, ही कुठली पिढी?" आणि दुसरे कुणी माझ्या आधी उत्तर देऊन मोकळे होते. हा प्रश्न आणि हे उत्तर दोन्ही शक्य केल्याबद्दल तुमचे मनःपूर्वक आभार.

तुमची ऋणी,
कोकणातली एक जीवशास्त्राची शिक्षिका