दम लागतो तो वजनाने की दम्याने? आधी मोजा

महोदय,

चाळिशीच्या आसपासची, अंगाने भरलेली बाई ‘जिना चढताना दम लागतो’ म्हणाली, की तिला बहुधा ‘आधी वजन उतरवा’ असे सांगतात, नाहीतर कसलीही तपासणी न करता हातात पंप (तोंडाने औषध ओढायचा इनहेलर) देतात. दोन्हींत नुकसान तिचेच. पुण्यात थंडी आणि रस्त्याची धूळ एकत्र येते त्या दिवसांत अशा तक्रारी वाढतात, म्हणून हे पत्र.

लहानपणी दमा मुलग्यांत जास्त. वयात आल्यावर चित्र उलटते आणि मोठेपणी दमा बायकांत जास्त दिसतो. संप्रेरकांचा यात वाटा आहे. काहींचा दमा पाळीच्या आधीच्या दिवसांत दर महिन्याला उसळतो, पण तारखा लिहून ठेवल्याशिवाय ते ध्यानात येत नाही. बाळाला बाधेल या भीतीने गरोदरपणी पंप बंद करणे तर फारच धोक्याचे. आईचा श्वास अडकला, की बाळाचा ऑक्सिजनही घटतो.

वजनाचे काय? पोटावरची चरबी श्वासपटलाला वर रेटते. श्वास उथळ चालतो आणि फुप्फुसाच्या तळाकडच्या बारीक नळ्या मिटू लागतात. चरबीच्या पेशी लेप्टिनसारखी दाह वाढवणारी द्रव्येही सोडतात. जोडीला घशाशी येणारे आम्ल आणि झोपेत अडकणारा श्वास. मोठेपणी सुरू होणारा, ॲलर्जीशी फारसा संबंध नसलेला दमा स्थूल बायकांत जास्त दिसतो तो यामुळे. स्टेरॉइडच्या पंपाला तो म्हणावी तशी दाद देत नाही. तेव्हा डोस वाढवण्याआधी पंप कसा ओढला जातो ते समोर बघावे आणि घोरण्याबद्दल विचारावे.

निदानासाठी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकून श्वासाची हवा मोजण्याची तपासणी, हवीच. नुसत्या स्थूलपणात पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा आणि एकूण हवा दोन्ही बरोबरीने घटतात, गुणोत्तर टिकते. दम्यात गुणोत्तर घसरते. श्वासनलिका सैल करणारे साल्ब्युटामॉल देऊन १५ मिनिटांनी पुन्हा फुंकल्यावर पहिल्या सेकंदाची हवा १२ टक्के आणि २०० मिलिलिटरपेक्षा जास्त वाढली, तर संशय पक्का होतो. मात्र दमा चढतो-उतरतो, त्यामुळे एकदा अहवाल नॉर्मल आला म्हणून तो नाहीच असे समजू नये. अशा वेळी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकलेल्या हवेचा वेग मोजणारे छोटे यंत्र, घरी न्यावे. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ उभे राहून तीनदा फुंकावे, सर्वांत मोठा आकडा वहीत लिहावा. ओठ सैल राहिले तर आकडा कमी येतो. थुंकल्यासारखे झटक्यात फुंकले तर खोटा मोठा येतो.

सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती मुलींची. ‘पंप दिसला तर लग्न जमणार नाही’ म्हणून घरचे तो लपवतात आणि दम लागला की मेडिकलमधून स्टेरॉइडच्या गोळ्या आणतात. प्रेडनिसोलोनच्या एका १० मिलिग्रॅमच्या गोळीत १०,००० मायक्रोग्रॅम औषध असते, बुडेसोनाइड या स्टेरॉइडच्या पंपाच्या एका पफमध्ये साधारण २००. दोन्ही औषधांची ताकद सारखी नाही हे खरे, पण गोळी सबंध शरीरभर फिरते आणि पंपाचे औषध मुख्यतः श्वासनलिकेत राहते. वारंवार घेतलेल्या गोळ्यांनी भूक वाढते, पोट-चेहरा सुटतो, साखर चढते, हाडे विरळ होतात. सुटलेल्या पोटाने दमा आणखी बिघडतो आणि पुन्हा गोळी येते. त्यापेक्षा स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून पंप घ्यावा, औषध ओढल्यावर १० सेकंद श्वास रोखावा आणि स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरून थुंकावी.

वजन ५ ते १० टक्के उतरले तरी दमा आटोक्यात यायला मदत होते, म्हणजे ८० किलोच्या बाईने ४ ते ८ किलो. पहिल्याच दिवशी पर्वतीच्या पायऱ्या चढू नयेत. सपाटीवर १० मिनिटे हळू चालून मग वेग वाढवावा. थंडीत ऊन आल्यावर निघावे, नाकावर रुमाल घ्यावा. चालताना छाती आवळत असेल तर आधी साल्ब्युटामॉलचे दोन पफ घ्यावेत का, हे डॉक्टरांना विचारावे. पंप नियमित घेणे मात्र वजन उतरेपर्यंत थांबवू नये.

महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात एक पीक फ्लो मीटर आणि एक मोजपट्टी ठेवावी, ही विनंती. दम लागणाऱ्या बाईच्या केसपेपरवर वजनाबरोबर कमरेचा घेर (८० सेंटिमीटरच्या वर आहे का) आणि त्रास पाळीच्या आसपास वाढतो का, या दोन नोंदी झाल्या पाहिजेत.

— एक छातीविकारतज्ज्ञ, पुणे