कोच होणाऱ्या लेकीस

प्रिय छकुली,

बास्केटबॉल खेळणं थांबवून असिस्टंट कोच होणार, हे तू फोनवर एका दमात सांगून टाकलंस. बाबा नुसते "बरं" म्हणाले आणि उठून गेले. नाराज नाहीत गं. रात्री तुझी सगळी कात्रणं काढून बसले होते.

गुडघ्याबद्दल काही लिहायचं नाही, असं ठरवून बसलेय.

अमेरिकेतल्या बेकी हॅमनचं तूच मला सांगितलं होतंस. १९९९ मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, तिला कुणी घेतलं नाही, तरी डब्ल्यूएनबीए या तिथल्या महिलांच्या लीगमध्ये १६ मोसम खेळली. २०१३ मध्ये गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट फाटलं, तेव्हा घरी न बसता सॅन अँटोनियो स्पर्स या पुरुषांच्या संघाच्या सरावाला जाऊन बसू लागली. पुढच्याच वर्षी त्यांनी तिला असिस्टंट कोच केलं. २०२२ मध्ये लास वेगास एसेस या महिला संघाची हेड कोच झाली आणि पहिल्याच मोसमात अजिंक्यपद! तुझंही तेच लिगामेंट. आलाच बघ गुडघा.

शाळेत तुला बाकावर बसवलं, तरी तू रुसायची नाहीस. घरी येऊन माझ्या शिवणाच्या डब्यातली बटणं मांडायचीस: ही समोरच्या संघाची पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ रचणारी, ही डावीकडे वळतच नाही, ही मागे धावायला उशीर करते. मावशी म्हणायची, ही खेळते त्याहून जास्त बघते.

पण तुला दिसतं ते त्या मुलींना लगेच दिसणार नाही. मॅजिक जॉन्सनसारखा पॉइंट गार्ड, पण १९९४ मध्ये लेकर्स संघाचा कोच म्हणून १६ सामन्यांत ५ जिंकून बाजूला झाला. चिडू नकोस. पुन्हा पुन्हा सांग. आणि सांगून कळत नाही म्हणून स्वतः कोर्टात उतरून कट मारून, म्हणजे झटकन दिशा बदलून, दाखवू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, एकदा पाय अडकला की... जाऊ दे. रागावू नकोस, तुला खेळ मी काय शिकवणार!

बाबा म्हणतात, कोचला काय, कडेला उभं तर राहायचं. पण वॉरियर्स संघाचा कोच असताना स्टीव्ह करला पाठीच्या ऑपरेशननंतरच्या त्रासाने २०१५-१६ च्या मोसमात ४३ सामने बाहेर राहावं लागलं. त्यातले ३९ वॉरियर्सनी त्याच्यावाचून जिंकले. तूही दुखलं तर सुट्टी घे, संघ बुडत नाही.

तुझ्या हाताखाली मुली तयार होणार, या विचाराने मला दोन दिवस दुसरं काही सुचलेलं नाही.

पहिल्या सामन्याची तारीख कळव, बाबांना रजा टाकायची आहे. आणि फिजिओकडे जाणं बंद केलंयस का? विषय बदलू नकोस, खरं काय ते सांग.

तुझी आई