हात अधू, पण कमाई शाबूत? कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

साहेब, कारखान्यातल्या अपघाताच्या भरपाईसाठी मी दावा लावलाय. सोमवारी कामगार न्यायालयात पुन्हा तारीखच मिळाली. मालकाच्या विमा कंपनीचे डॉक्टर साक्षीला आलेच नाहीत.

भोसरीच्या एका कारखान्यात मी पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापायचं मशीन, चालवायचो. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद आहे असं सांगितल्यावर सुपरवायझर म्हणाला, "आजचा माल काढ, मग बघू." उजव्या हाताची मधली तीन बोटं डायखाली (मशीनच्या साच्याखाली) गेली, मनगटही वळेनासं झालं. कामगार भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची तीन बोटं गेली तर कमाई ३० टक्के बुडाली असं धरलंय. मनगटाचं काय? विम्याच्या डॉक्टरांनी हात जरा वाकवून पाहिला आणि लिहिलं, 'ताठरपणा मधुमेह व जुन्या झिजेमुळे.' याच मनगटावर अपघाताच्या आदल्या आठवड्यात मी डबल शिफ्ट मारली. ओव्हरटाइमचं रजिस्टर कंपनीकडेच आहे, ते कोणी मागवलं? आता चहाचा ग्लास अंगठा आणि करंगळीत धरतो, शर्टाची बटणं बायको लावते. ही कसली जुनी झीज?

हिशेब बघा. पगार २३ हजार, पण कायदा १५ हजारच धरतो. त्याचे ६० टक्के ९ हजार. वय ४०, म्हणून कायद्यातल्या वयाच्या तक्त्याप्रमाणे गुणिले १८४.१७. झाले १६,५७,५३०. त्यातले ३० टक्के म्हणजे ४,९७,२५९. उरलेले सत्तर टक्के मी कमावू शकतो म्हणे. मग त्याच कंपनीने 'कामास अपात्र' असं पत्र देऊन मला घरी का बसवलं? कोर्टात धडधाकट आणि गेटवर बाद, दोन्ही खरं कसं असेल?

सर्वोच्च न्यायालयाने हे १९७५ सालीच निकाली काढलंय. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. सुतारकाम होणार नाही म्हणून त्याची कमाई शंभर टक्के बुडाली असं धरलं. सरकारी दवाखान्याच्या माझ्या प्रमाणपत्रात हात किती अधू झाला ते आहे, पण या हाताने पोट कसं भरणार यावर एक ओळ नाही. महिनाभरात पैसे न दिल्यास १२ टक्के व्याज, विनाकारण अडवल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड, हेही कायद्यात आहे. त्याला भितो कोण? कामगार थकून मिळेल त्यावर तडजोड करतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कायदे कामगारांच्या नावाने होतात आणि वकील परवडतो कंपनीला. तुमचे कारखाना निरीक्षक तरी बोटं जायच्या आधी कधी येतात?

जुन्या आजाराचं कारण सांगणाऱ्याने अपघाताआधीचे कागद दाखवावेत, नाहीतर ते कारण ऐकूच नये, असा नियम करा. आणि मालकाला जेवढं देणं कबूल आहे तेवढं आधी जमा करायचं, हे कायद्यातच लिहिलंय. त्या ३० टक्क्यांचे पैसे तरी आता भरायला लावा. जूनमध्ये मुलीची फी भरायची आहे.

आपला,
एक प्रेस ऑपरेटर, भोसरी