मुलांच्या लघुपटांना पडदा द्या

महोदय,
माझ्या भाचीने आणि तिच्या चार मैत्रिणींनी महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी बारा मिनिटांचा लघुपट केला. विषय गुऱ्हाळातला. पहाटे चुलवाणासमोर बसून मोबाइलवर चित्रीकरण, कपडे घरचेच, आवाजाचं काम रात्री स्वयंपाकघरात दार लावून. काहिलीतल्या उकळत्या रसाचा आवाज नीट मिळावा म्हणून त्या तिसऱ्यांदा गुऱ्हाळावर गेल्या, हे मला फार भावलं. परीक्षकांनी तो वर्गात एकदा पाहिला, गुण दिले आणि संपलं. आता तो पेनड्राइव्हमध्ये पडून आहे.

ज्या कोल्हापुरात चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला, जिथे १९२९ साली ‘प्रभात’ फिल्म कंपनी उभी राहिली, तिथल्या मुलांना आपलं काम चार अनोळखी माणसांना दाखवता येऊ नये? नाटकवाल्या मुलांचंही तेच. एकांकिका स्पर्धेपुरती बसते, निकाल लागला की नेपथ्य अडगळीत जातं.

शाहू स्मारक भवनात महिन्यातली एक संध्याकाळ विद्यार्थ्यांच्या लघुपटांना आणि एकांकिकांना द्यावी. तिकीट नको, पण खेळानंतर अर्धा तास प्रेक्षकांशी बोलणं हवंच. चूक कुठे झाली ते तिथेच कळतं. मोरेवाडीच्या चित्रनगरीतही वर्षातले काही दिवस त्यांच्यासाठी राखून ठेवता येतील. महापालिका, शिवाजी विद्यापीठ आणि शहरातल्या नाट्यसंस्थांनी एकत्र बसून हे येत्या सत्रापासून सुरू करावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर