रिलोड सोडून सगळं शिकवतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात कॉम्प्युटरचं सदर येतं ते वाचतो, पण त्यात सगळं मोबाईलचंच असतं. इकडं बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं डिप्लोमा, बीसीए करतात, घरच्या डेस्कटॉपवर वेब सर्व्हर (ब्राऊझरला पानं पुरवणारा प्रोग्राम) टाकून प्रोजेक्ट करतात आणि क्लासमध्ये शिकलेली असतात काय तर झॅम्पची (अपाची नावाचा सर्व्हर एका पॅनेलमधून चालवायचं सॉफ्टवेअर) दोन बटणं, स्टार्ट आणि स्टॉप. आमच्या शेजारचा पोरगा एचटीएमएलमध्ये एक ओळ बदलली की स्टॉप, परत स्टार्ट. काय करूलास रे म्हटलं तर 'रिफ्रेश करूलालोय' म्हणतो. आता त्यासाठी सर्व्हरला हात लावायचं कारणच नाही, ब्राऊझरनं मागितलं की ती फाईल तेव्हाच डिस्कवरून वाचली जाते, कंट्रोल एफ-५ दाबलं की झालं.

कॉन्फिग फाईल, म्हणजे सर्व्हरच्या सेटिंगची फाईल, बदलली तर मात्र सर्व्हरला सांगावं लागतं, आणि तिथंपण लिनक्सवर 'सिस्टिमसीटीएल रिलोड' एवढी कमांड पुरते. खानावळीत पानावर बसलेल्यांना उठवायचं नाही, त्यांचं जेवण होऊ द्यायचं आणि नवीन येणाऱ्यांना नवीन मेनू वाढायचा, तसंच ते चालतं, म्हणजे अपाची असो की एनजिन्क्स हा दुसरा सर्व्हर, जुने प्रोसेस हातातलं काम संपवून जातात आणि नवे प्रोसेस नवीन कॉन्फिग घेऊन उभे राहतात. स्टॉप केलं की चालू असलेलं डाऊनलोडसुद्धा मधेच तुटू शकतं.

त्याहून वाईट म्हणजे कॉन्फिगमध्ये एखादा कंस राहिला असेल तर स्टॉप बरोबर होतो आणि स्टार्ट होतच नाही, मग परीक्षक समोर बसलेले आणि पान उघडेना. म्हणून आधी 'अपाचीसीटीएल कॉन्फिगटेस्ट' मारायचं, सिंटॅक्स ओके आलं की मगच पुढं. एनजिन्क्सला हेच 'एनजिन्क्स -टी'. शिवाय फाईल चुकीची असताना रिलोड दिलं तर एनजिन्क्स ती घेतच नाही, जुन्यावरच चालू राहतो. एवढी सोय असून कोण सांगत नाही बघा.

झॅम्पमध्ये अपाची हिरवा होत नसेल तर बहुतेक वेळा ८० नंबरचं पोर्ट (सर्व्हरकडं मागणी येते तो नंबरचा दरवाजा) दुसऱ्या प्रोग्रामनं धरलेलं असतं, विंडोजवर खूपदा आयआयएस या विंडोजच्याच सर्व्हरनं. खाली लाल अक्षरात तसं लिहून येतं, पण ते न वाचता पोरं सगळं काढून परत इन्स्टॉल करतात, त्यात अख्खी दुपार जाते. पोर्ट बदलून ८०८० केलं तरी भागतं, फक्त पत्त्यात लोकलहोस्टपुढं ते लिहायचं.

आणि पावसाळ्यात खानापूर भागात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळं नुसतं 'स्टार्ट' कामाचं नाही, मशीन बंद पडून परत चालू झालं की सर्व्हर झोपलेलाच. 'सिस्टिमसीटीएल एनेबल' एकदा दिलं की बूट होताना तो आपोआप उठतो. झॅम्पमध्ये त्यासाठी अपाचीच्या डावीकडं सर्व्हिसची खूण असते, पॅनेल अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ती करायची.

तर हे असलं, कमांडसकट, मराठीत सदरात येऊ द्या. मोबाईलचा एखादा आठवडा चुकला तरी चालेल.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)