लांब पॉवर कॉर्ड विकत घेताना मीटर सोडून बाकीचंही बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

विषय छोटा वाटेल पण घरोघरचा आहे म्हणून लिहितोय. दिवाळीत घरी होम थिएटर घेतलं, त्याचा सबवूफर, म्हणजे बेसचा (खर्जातल्या आवाजाचा) स्पीकर, कोपऱ्यात ठेवला की आवाज भरून येतो, पण कॉर्ड दीड मीटरची आणि बोर्ड समोरच्या भिंतीला. मग बाजारात गेलो, दुकानदाराने एकच विचारलं, किती मीटर पाहिजे? मी म्हटलं पाच, त्याने खुंटीवरून एक काढून दिली, कॉम्प्युटरला लागते तशीच तीन पिनची, मी पैसे दिले आणि घरी आलो. वूफर मस्त वाजला, तीन-चार महिने काहीच तक्रार नाही.

मग एक दिवस उंदराने राईस कुकरची वायर कुरतडली. त्यालाही तीच पिन बसते म्हणून आईने वूफरची कॉर्ड काढून कुकरला लावली, आणि झाकण उघडायला हात लावला तर ओरडलीच, "माले करंट लागना रे!" नशिबाने झिणझिण्यांवर निभावलं. वायरमनला बोलावलं, घरातलं अर्थिंग त्याने तपासलं, ते चांगलं होतं. मग मल्टिमीटर कॉर्डला लावला तर अर्थची मोठी पिन नुसती शोभेची, आतून काही जोडलेलंच नाही, म्हणजे कुकरच्या अंगात उतरलेल्या करंटला अर्थकडे जायला वाटच नव्हती. वायर कापली तर आत तीनच्या जागी दोनच तारा, आणि ब्लेडने एक तार खरवडली तर वरून तांब्याचा रंग अन् आतून पांढरी, म्हणजे ॲल्युमिनियम. वूफर दीडशे वॅटचा, तो जेमतेम पाऊण अँपियरसुद्धा ओढत नाही म्हणून इतके दिवस काही कळलं नाही, कुकर सातशे वॅटचा, तो तीन अँपियर ओढतो, थोड्याच वेळात वायर हाताला गरम लागत होती.

लांबीची भीती मात्र बाळगू नका. लांब वायरने बेस कमी होतो असं खूप जण सांगतात ते मला पटत नाही, कारण ०.७५ स्क्वेअर एमएमची (हे तारेच्या जाडीचं माप) तांब्याची पाच मीटर कॉर्ड घेतली तर वूफरच्या लोडला पाव व्होल्टसुद्धा कमी पडत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी स्टॅबिलायझरचा काटा २०० च्या खाली जातो तिथे पाव व्होल्टचं काय घेऊन बसायचं. उलट लांब कॉर्डमुळे टीव्ही, ॲम्प्लिफायर आणि वूफर एकाच बोर्डावर येतात, त्याने वूफरमधून येणारा तो घूंऽऽ आवाज बऱ्याचदा कमी होतो. काही जण त्या आवाजासाठी अर्थची पिनच तोडून टाकतात, हात जोडून सांगतो, असं करू नका.

बघायचं ते वायरच्या अंगावर छापलेलं असतं. ISI मार्क, आयएस ६९४ (हा वायरच्या मानकाचा नंबर), आणि किती स्क्वेअर एमएम. तीन पिनची असेल तर निदान ०.७५ आणि आत तीन तारा, आणि लगेच दुकानातच मल्टिमीटर लावून अर्थ या टोकापासून त्या टोकापर्यंत जातोय का ते बघून घ्या, मिनिटभराचं काम आहे. वूफरच्या मागे आठ आकड्यासारखी दोन पिनची जागा असेल तर त्याला अर्थ लागत नाही, तिथे तशीच कॉर्ड घ्या. लांबी अंदाजाने सांगू नका, भिंतीच्या कडेने सुतळी लावून मोजा आणि थोडीच ढील ठेवा, कारण उरलेल्या वायरचं भेंडोळं करून सतरंजीखाली कोंबलं की उष्णता बाहेर जात नाही. वायरवरच्या साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० डिग्री धरतात. जिथे खोली ३० डिग्रीला असते तिथे वायर तापायला ४० चा वाव आहे, आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ४५ असतात तिथे फक्त २५ चा. कमी पडली म्हणून मधे जोड देऊन टेप गुंडाळायचा प्रकार तर नकोच.

ते कापलेले तुकडे घेऊन मी दुकानात गेलो होतो. त्याने काही वाद न घालता पैसे परत दिले, पण त्याच कॉर्डचा गठ्ठा मागे खुंटीवर तसाच लटकत होता. मी म्हटलं भाऊ हे काढून टाका, तर म्हणाला गिऱ्हाईक स्वस्त मागतं. म्हणून तुमच्या पेपरातून खान्देशातल्या सगळ्या इलेक्ट्रिकल दुकानदारांना माझी विनंती आहे की ज्या कॉर्डच्या अंगावर काहीच छापलेलं नाही आणि अर्थची पिन खोटी आहे ती खुंटीवरून उतरवा, आणि गिऱ्हाइकाला किती मीटर विचारता तसं कशाला लावणार तेही विचारा.

आपला एक वाचक,
अमळनेर, जि. जळगाव