हवालदार साहेब, त्या फक्कीच्या रेघांसाठी मनापासून थँक्यू

साहेब नमस्कार,

तुमचं नाव इथं टाकत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही माहितीय, पण आमच्या बीटला तुम्ही आहात म्हणून माझा पुतण्या आज धडधाकट शाळेत जातोय, हे मला सगळ्यांसमोर सांगायचंय.

मी हडपसरला कामाला, गाव नीरेच्या बाजूला. वडिलांना डेअरीला दूध घालायला आणि रानात जायला सोपं पडावं म्हणून मागच्या दिवाळीत साधी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, ताशी 25 वाली. दुकानदार म्हणला लायसन नको पासिंग नको, आणि वर हळूच, पाचशे रुपये द्या, स्पीडचं लॉक काढून देतो, 45 ला पळेल. मी दिले. त्यात काही चुकतंय असं डोक्यातच आलं नाही, आज त्याचं फार वाईट वाटतं.

झालं असं की वडील कमी आणि पंधरा वर्षांचा पुतण्याच जास्त चालवायला लागला. एका संध्याकाळी वस्तीवरच्या आजी किटली घेऊन कडेकडेने चालल्या होत्या, गाडीला आवाज नाही, मागून काय येतंय कळलंच नाही, त्या जरा मधे सरकल्या आणि हँडल हाताला लागलं. आजींचं कोपर खरचटलं, दूध सगळं डांबरावर, पोरगं चार हात लांब पडलेलं डोक्यावर हेल्मेट नसताना, आणि मागनं उसाची ट्रॉली येत होती. ती लांब होती म्हणून वाचला.

तुम्ही आलात, आधी आजींना दवाखान्यात नेलंत, गाडी दूरक्षेत्रात, म्हणजे पोलीस चौकीत, उभी केलीत. मला फोन करून बोलावलंत आणि ओरडला नाहीत, नीट बसवून सांगितलंत की मोटर 250 वॅटच्या आत आणि वेग 25 च्या आत असेल तरच लायसन, पासिंग लागत नाही, लॉक काढलं की ती कायद्याने मोटारसायकलच, मग बिनविम्याची, बिननंबरची गाडी, आणि अल्पवयीन पोरगं चालवताना सापडलं तर पालकाला नाहीतर मालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. हे 2019 पासून कायद्यात आहे, आणि आमच्या अख्ख्या गावात कुणाला माहीत नव्हतं.

पण मला खरं पटलं ते रविवारी शाळेच्या ग्राउंडवर. तुमचा सुट्टीचा दिवस होता साहेब. गावातली पोरं गोळा केलीत, स्वतः हेल्मेट घालून गाडी 25 ला आणून एका ठिकाणी ब्रेक दाबलात, जिथं थांबली तिथं फक्कीची रेघ मारलीत. मग 45 ला, त्याच जागी ब्रेक. पुतण्याला पावलं मोजायला लावलीत. पहिल्या रेघेपर्यंत आठ, दुसरीपर्यंत पंचवीस. वेग दुप्पट पण नाही आणि थांबायला तिप्पट जागा. पोरगं दुसऱ्या रेघेवर तसंच उभं राहिलं, कितीतरी वेळ बोललंच नाही. मी पण नाही.

नंतर माझ्यासोबत दुकानात आलात, लॉक परत बसवून घेतलंत. कारखान्याच्या रस्त्याला उभं राहून रात्रीच्या ट्रॉल्यांना मागून रेडियम चिकटवत होतात हे पण मी पाहिलंय, हाताला सगळा चिकट लागलेला आणि ड्रायव्हर लोकांना एकेकाला समजावत होतात. हे काम कुठं मोजलं जात नसेल, आम्हाला मात्र दिसतं.

स्कूटर आता फक्त वडील चालवतात, हेल्मेट घालून. हँडलला सायकलची घंटी लावलीय, माणूस दिसलं की लांबूनच वाजवतात. पुतण्या रोज सायकलवर जाऊन आजींच्या घरी दूध पोचवतो, त्याने स्वतःहून सुरू केलंय.

आई विचारतेय, हुरड्याला येणार का. जानेवारीत कुठल्याही रविवारी या, वहिनींना आणि मुलांना घेऊन. आजींना पण बोलावलंय.